पाठीवरची बटणं

"बटण पाठीवर असलं की माणूस दुसऱ्याच्या हातात जातं," असं मालन एकदा म्हणाली होती.

पाळणाघराच्या पालकसभेत म्हणाली. सभा म्हणजे सात-आठ बाया. शिफ्ट सुटल्यावर घाईघाईत उभ्या राहिलेल्या, पिशव्या खांद्याला, डोळे दाराकडे. मालनच्या हातात कुणाच्या तरी पोरीचा गुलाबी फ्रॉक होता. तिनं तो उलटा करून सगळ्यांना दाखवला. मानेपासून कमरेपर्यंत चार बटणं.

"हे कुणी काढलं?"

"शिंप्यानं," मागून एक जण म्हणाली. बाया हसल्या.

"शिंप्याला पाठीला डोळे असतील. माझ्या पोरींना न्हाईत. उद्यापासून फ्रॉक उलटा घालून पाठवायचा. बटणं पुढं."

"आणि पुढचं चित्र?"

"चित्र जाईल मागं. चित्राला काय करायचंय?"

बायांना ते पटलं नाही, पण त्यांनी ऐकलं. मालनचं ऐकायची एक सवय त्यांना लागून गेली होती. उलटा घातल्यावर गळा काचायचा, म्हणून मालन प्रत्येक फ्रॉकचा गळा स्वतः कात्रीनं दोन बोटं खाली कापून, दुमडून शिवून द्यायची. अंधेरी पूर्वेच्या त्या कारखान्यांच्या वसाहतीत तिच्या पोरी लांबूनही ओळखू यायच्या. बदकं, ससे, झालर, सगळं पाठीवर. पुढं नुसती बटणांची रांग. गेटवरचा वॉचमन म्हणायचा, "बाई, तुमची पोरं आली का गेली तेच कळत नाही."

हे एकोणीसशे चौऱ्याऐंशीचं साल. वसाहतीत औषधांचे, रेडिओच्या सुट्या भागांचे, तयार कपड्यांचे कारखाने होते आणि त्यांत बाया खूप होत्या. त्यांच्या पोरांसाठी एका ट्रस्टनं हे पाळणाघर काढलं होतं. पत्र्याचं छप्पर, एक लांबट खोली, पुढं सिमेंटचं अंगण, अंगणात नळ. डोक्यावरून दर काही मिनिटांनी विमान जायचं. नवीन आलेलं मूल पहिले दोन दिवस वर बघायचं. तिसऱ्या दिवसापासून बघायचं नाही.

मालन सरतापे तिथं आली ती झाडूपोछा करायला. नवरा कुंडलिक विमानतळावर सफाईच्या कामाला होता, मूल नव्हतं. पाळणाघरातली शिकलेली बाई लग्न होऊन गेली, दुसरी मिळेना, तोवर मालन पोरांना बघत राहिली. मग ट्रस्टनं तिला तीन महिन्यांच्या बालवाडीच्या वर्गाला धाडलं. तिथं तिला कळलं की ती जे करत होती त्याला खेळातून शिक्षण असं नाव आहे. नाव ऐकून तिला थोडं हसू आलं. ती परत आली आणि पहिल्यासारखंच करत राहिली.

ती काय करायची ते साधं होतं. जुन्या शर्टांच्या बटणपट्ट्या कापून तिनं एक गोधडी शिवली होती. गोधडीवर बटणं, हूक, चापाची बटणं, परकराचे नाडे, बुटाची एक दोरी. दुपारी चार-पाच पोरं त्या गोधडीभोवती बसत. एकानं बटण लावायचं, दुसऱ्यानं काढायचं. बटण पाहुणा आहे आणि काज दार, अशी काहीतरी गोष्ट ती सांगायची. चपलांचा खेळ होता, त्याला पोरं चपलांचं लग्न म्हणत. डावी नवरी, उजवा नवरा. नीट शेजारी उभे राहिले तर लग्न लागलं. डावी उजवीकडं गेली तर दोघं रुसले, तोंडं फिरवून बसले. दोन वर्षांची पोरं गुडघ्यावर बसून रुसलेल्या चपलांची समजूत काढत आणि मग त्याच पायात घालून चालू लागत. नळाखाली दोन लोटे. या लोट्यातून त्या लोट्यात पाणी. आधी सगळं सांडायचं. मग निम्मं. मग एक दिवस एक मूल पेला भरून स्वतः प्यायचं आणि चहूकडं बघायचं, कुणी पाहिलं का म्हणून. भिंतीला पोरांच्या उंचीवर एक आरसा टांगला होता. नाक वाहतंय हे मूल आरशात बघायचं आणि खिळ्याला लावलेलं फडकं घेऊन पुसायचं.

आयांची एकच तक्रार असायची.

"बाई, नुसतीच खेळतात. एबीसीडी कधी?"

"एबीसीडी कुठं जात न्हाई," मालन म्हणायची. "नाक मात्र वाहून चाललंय."

पण या सगळ्यात अवघड काम मालनचं स्वतःचं होतं. मूल बटणाशी झटत असलं, घामेजलं, रडकुंडीला आलं, तरी ती हात लावायची नाही. ती समोर बसायची आणि आपले दोन्ही हात पदराखाली एकमेकांत घट्ट धरून ठेवायची. खिचडी करणाऱ्या शांताबाई चुलीजवळून ओरडायच्या, "अगं लाव ना मेले, जीव चाललाय त्याचा!" मालनचे हात पदराखाली हलायचे. बाहेर यायचे नाहीत.

तिच्या स्वतःच्या पाठीवर कधी कुणी बटण लावलं नव्हतं. माण तालुक्यातल्या एका गावात ती चार वर्षांची असताना आई गेली आणि ती मामाकडं वाढली. मामी वाईट नव्हती. तिला स्वतःची पाच होती आणि हात दोनच. सकाळी मामीपुढं पाच पोरं ओळीनं उभी राहत. वेणी, पोलकं, काजळ. मालन सहावी. तिची पाळी येईतो चूल पेटायची वेळ व्हायची. मग ती गोठ्यातल्या दाव्याच्या मोकळ्या पदरांवर वेणी घालायला शिकली आणि दाव्यावरून आपल्या केसांवर आली. पाच वर्षांची असताना. जत्रेला पाहुणे आले तेव्हा मामा तिच्याकडं बोट दाखवून म्हणाला, "हिचा काही त्रास न्हाई." पाहुण्यांनी माना डोलावल्या. ते वाक्य मालननं गळ्यातल्या ताइतासारखं जपलं. तिच्याबद्दल एवढं चांगलं कुणी पुन्हा बोललं नाही. त्या वाक्यात आणखी काही असू शकतं असं तिला वाटायचं कारण नव्हतं.

नीला औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या तपासायची. पट्टीत एखादं घर रिकामं राहिलं तर ती बाजूला काढायची, हे तिचं काम. बोटं लांब आणि चपळ. तिचा नवरा दत्ताराम लालबागच्या गिरणीत होता. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी त्याच्यापुरती संपली. वर्षभर इकडं तिकडं करून तो मालवणकडं गावी गेला, भावाबरोबर दुसऱ्यांच्या होडीवर जाऊ लागला आणि सणावारी येऊन राहू लागला. नीला मरोळच्या चाळीत एका खोलीत मुलीला घेऊन राहिली. शांताबाई त्याच चाळीतल्या, दोन खोल्या सोडून.

मुलीचं नाव सुलक्षणा. सुलू. पाळणाघरात आली तेव्हा पावणेदोन वर्षांची. नीला सकाळी पावणेसातला तिला सोडायची आणि जाताना दारातून तीनदा वळून बघायची. मालन म्हणायची, "जा गं. एकदा बघ न्हाईतर बघूच नको. तीनदा बघितलं की तिला वाटतं, काहीतरी झालंय."

सुलूला पाण्याचा खेळ आवडायचा. बटणांच्या गोधडीकडं ती यायची, पण तिथं तिचं चित्त नसायचं. एक बटण लावायची, मग आडवी होऊन गोधडीला गाल लावायची. मालनला घाई नव्हती. अशी पोरं तिनं पाहिली होती. येईल तेव्हा येईल.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत एक दिवस नीला दुपारच्या सुट्टीत आली. पोरं झोपली होती. मालन पेले धूत होती.

"बाई, सुलूला सगळं कधीपर्यंत येईल?"

"सगळं म्हणजे?"

"जेवण. कपडे. शी झाली की धुणं. सगळं."

"येईल तेव्हा. खेळाला तारीख नसते. तुला कसली घाई? परीक्षा हाय का तिची?"

नीला हसली. "माझी आहे."

तिनं मालनचा ओला हात धरला आणि आपल्या काखेखाली नेला. ब्लाऊजच्या कापडाखाली सुपारीएवढं काहीतरी टणक होतं. मालननं हात मागं घेतला आणि तो किती वेळ कोरडा करत राहिली.

"परळला जाऊन आले. म्हणाले, आधी का नाही आलात. मी विचारलं, दिवाळीपर्यंत? तर म्हणाले, बघू. डॉक्टर बघू म्हणतात तेव्हा काय असतं ते कळतं ना बाई."

"दत्तारामला सांगितलंस?"

"कळवीन. आधी तुम्हांला सांगितलं." ती झोपलेल्या पोरांच्या रांगेत सुलू शोधत होती. "सुलू गावी जाणार. थोरल्या जावेकडं. तिची तीन आहेत. जाऊ चांगली आहे हो, पण तीन आहेत. तिथं मागून घेणाऱ्याला मिळतं, नाही मागणारा राहतो. हिला मागायला लागू नये. हिचं हिला यायला पाहिजे."

मालननं तेव्हा मामीच्या अंगणातली ती ओळ पाहिली असणार. ती म्हणाली, "येईल. मी बघते."

त्या दिवसापासून मालनचा खेळ बदलला. इतर पोरांसाठी तो तसाच राहिला, सुलूसाठी नाही. चपलांचं लग्न झालं की मालन म्हणायची, "आता पुन्हा." लोटा भरून ओतला की, "सांडलं. पुन्हा." गोधडीवर गाल ठेवायला आता मिळायचं नाही. मालन तिला उचलून बसवायची. दाव्याच्या पदरांवर आपल्याला किती दिवस लागले होते ते ती आठवू पाही, पण आठवत नव्हतं. आठवलं असतं तरी सुलूला सांगता आलं नसतं.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला खेळ कधी संपला ते पटकन कळतं. सुलू गप्प झाली. पेला स्वतः उचलायची ती उचलेनाशी झाली. बटण आलं की हात मागं घ्यायची आणि मान खाली घालून, पाठ वळवून उभी राहायची. अगदी स्थिर. कुणीतरी येईल याची खात्री असल्यासारखी.

"बघ बघ," शांताबाई म्हणाल्या. "राणीसाहेब उभ्या राहिल्या. दासी कुठाय?"

मालन हसली नाही. ती त्या पाठीकडं बघत राहिली. मूल असं पाठ करून आपोआप उभं राहत नाही. कुणीतरी रोज मागून बटण लावत असल्याशिवाय नाही.

"शांता, हिच्या घरी कपडे कोण घालतं गं?"

"कोण घालणार? आईच."

पुढच्या सोमवारी उत्तर अंगावरच आलं. सुलू नवा फ्रॉक घालून आली. फिकट पिवळा, छातीवर हिरव्या दोऱ्यानं भरलेला पोपट. सरळ घातलेला. मालननं तिला फिरवलं. पाठीवर कापड मढवलेली पाच बारीक बटणं आणि प्रत्येकासमोर दोऱ्याचा नाजूक फासा. एवढ्या लहान फाशात एवढं लहान बटण मोठ्या माणसालाही दोन हातांनी, जवळ वाकून घालावं लागलं असतं.

संध्याकाळी तिनं नीलाला थांबवलं. बाकीच्या आया पोरं घेऊन गेल्या. शांताबाई पातेली घासत होत्या. त्यांच्या कानावर सगळं जात होतं आणि त्यांनी ते जाऊ दिलं.

"फ्रॉक कुठला?"

"बाजारातला," नीला म्हणाली.

"बाजारात असा टाका असतोय?"

"घरी सरळच घालते," नीला म्हणाली. "रोज गेटापाशी उलटा करते, आज राहून गेलं."

"मी दिवसभर तिला पुढं शिकवते, तू सकाळी मागं लावतेस. मग तिनं काय करायचं? चार म्हैने झाले. तूच म्हणालीस ना, सगळं आलं पाहिजे?"

"मीच म्हणाले."

"मग?"

नीला पायरीवर बसली. ती आता बारीक दिसू लागली होती, मानेवरची शीर दिसत होती. "सकाळी सहाला नळ जातो," ती म्हणाली. "त्याच्या आत सगळं उरकायचं. आंघोळ, डबा, हिचं खाणं. तिच्याकडं बघायलाही होत नाही. मग मी खाटेवर बसते आणि ती येऊन पाठ करून उभी राहते. केस आपणच बाजूला करते, असे. मान वाकवते. मानेवर तिच्या एक तीळ आहे, तो पुढून दिसत नाही. पाच बटणं होईपर्यंत ती हलत नाही. बस, तेवढंच बाई. दिवसातनं तेवढं एकदाच."

मालन उभीच होती. तिच्या आत जे काही हललं असेल ते पदराखालच्या हातांसारखं आतच राहिलं. ती म्हणाली, "आणि तू गेल्यावर ती कुणापुढं पाठ करून उभी राहील? सांग. तुझ्या जावेपुढं? जाऊ येईतो उभी राहील. दुपारपर्यंत उभी राहील. हौस तुझी आणि भोगायचं तिनं."

पातेलं घासायचा आवाज थांबला.

नीला उठली. मग सुलूला कडेवर घेऊन, पिशवी उचलून गेली. त्या दिवशी तिनं दारातून वळून पाहिलं नाही. एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी सुलू आली तेव्हा पोपट पाठीवर होता. गळा दोन बोटं खाली कापून नीट दुमडलेला. कापड मढवलेली बटणं आणि फासे काढून टाकले होते आणि त्या जागी पाच मोठी, पांढरी, सदऱ्याची बटणं, रुंद काजांसकट. मालननं शिकवलेलं सगळं नीलानं एका रात्रीत केलं होतं.

नंतरचं शांताबाईंनी चाळीत पाहिलं, कारण त्यांच्या दारातून नीलाची खाट दिसायची. सुलू सवयीनं यायची आणि पाठ करून उभी राहायची. नीला म्हणायची, "पुढं आहेत गं. तुझी तूच." सुलू उभीच. "तुझी तूच, राणी. बाई काय म्हणतात?" मग सुलू वळायची आणि छातीवरच्या बटणाशी झगडायची. जीभ बाहेर, हनुवटी छातीला लावलेली. नीला खाटेवर बसून बघायची. हात पदराखाली. कुणीतरी बांधून ठेवल्यासारखे. पहिल्या दिवशी एक बटण लागलं आणि दोघींना उशीर झाला. आठवड्यानं तीन लागली. सुलू पाठ करून उभी राहायची कधी थांबली तो दिवस शांताबाईंना सांगता येत नाही. अशा गोष्टी बंद होतात तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. नीलाचं असेल.

आणि खेळ परत आला. मालननं "पुन्हा" म्हणायचं सोडलं, कारण आता म्हणावं लागत नव्हतं. घरी आणि पाळणाघरात एकच रीत झाल्यावर सुलू सुटल्यासारखी शिकत गेली. मे महिन्यात ती पाचही बटणं लावू लागली. जूनमध्ये चपला. जुलैत ताटातला भात स्वतः कालवून, बोटं न माखता. धुणं-पुसणं. नाक. लहान पोरांच्या रुसलेल्या चपलांची लग्नं आता तीच लावायची. ट्रस्टच्या बाई पाहायला आल्या तेव्हा मालननं सुलूला पुढं केलं. बाईंनी आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, "हिचं वय काय म्हणालात?" मालनला त्या दिवशी फार बरं वाटलं. ती ते लपवूही शकली नाही. नीला तेव्हा हॉस्पिटलात होती आणि सुलू रात्री शांताबाईंकडं राहायची.

मालन तिला भेटायला परळला गेली ती एकदाच. जुलैचा शेवट. नीलाचे हात चादरीवर होते, मनगटाची हाडं वर आलेली, बोटं अजून लांब.

"सगळं येतंय," मालननं सांगितलं. "भात सांडत न्हाई. केससुद्धा विंचरते, पुढचे."

"पाठ करून उभी राहत नाही ना आता?"

"न्हाई."

"कधीच?"

"कधीच न्हाई."

"बरं झालं," नीला म्हणाली. मग तिनं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. गाऊन मागून नाड्यांचा होता. वरची नाडी सुटली होती. मालननं ती बांधायला हात पुढं केला. नीलाच्या पाठीनं तो हात येताना ओळखला. ती वळली नाही, फक्त केस बाजूला केले आणि मान वाकवली. आणि मालनला ते दिसलं. सुलू कुणासारखी उभी राहायची ते.

नाडी बांधायला एक क्षण लागला. तेवढाच.

श्रावण संपता संपता नीला गेली. दत्ताराम शेवटचे पंधरा दिवस तिच्याजवळ होता. दिवसवार झाले, आणि तो मुलीला घेऊन गावी जायला निघाला. बस दुपारी होती. मालननं पाळणाघर शांताबाईंवर टाकलं आणि सकाळीच चाळीत गेली. आदल्या दोन दिवसांत तिनं दुपारी पोरं झोपल्यावर काहीतरी शिवलं होतं, ते कागदात गुंडाळून बरोबर घेतलं. काय आहे ते शांताबाईंनी विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई."

दारात चपलांची रांग लागली होती. शेजारच्या बायांच्या, दत्तारामच्या, कुणाकुणाच्या. सगळ्या जोड्या नीट, डावी डावीकडं, उजवी उजवीकडं. हे कुणी केलं ते विचारायची गरज नव्हती.

खोलीत खाट उभी करून ठेवली होती. एक पत्र्याची ट्रंक, दोन बोचकी. दत्ताराम जमिनीवर बसला होता, दाढी वाढलेली. त्यानं मालनला ओळखलं आणि उठायला लागला.

"बसा, बसा," मालन म्हणाली.

"तुमचे उपकार झाले, बाई. नीला शेवटपर्यंत तुमचाच नाव घेय." तो थांबला, मग बोलत राहायला हवं म्हणून बोलल्यासारखा बोलला. "वयनी पयली कुरकुरली. चौथ्या पोराक खंय बगू म्हणान. मी पत्र धाडलंय, आमचा चेडू आपणच जेवता, आपणच न्हाता, आपणच कपडे घालता. तवा म्हणता, असा चेडू असात तर खुशाल घेवन ये." त्यानं सुलूकडं पाहिलं, आणि त्याच्या आवाजात खरंच अभिमान आला. "चेडवाचो कायएक त्रास नाय."

शेजारच्या बायांनी माना डोलावल्या. "गुणाची आहे हो. इतके दिवस झाले, आई म्हणून रडली नाही."

मालन जिथं होती तिथंच बसली. तीस वर्षांपूर्वीची जत्रा, मामाचं बोट, डोलणाऱ्या माना. तेच वाक्य. बोली तेवढी निराळी. या वेळी ते दुसऱ्या पोरीबद्दल होतं, आणि बाहेरून ऐकल्यावर ते कसं ऐकू येतं ते तिला समजलं.

सुलू कोपऱ्यात बसून एका डब्यात झाकणं भरत होती. अंगावर तोच पिवळा फ्रॉक, पोपट पाठीवर, पुढची पाचही बटणं लावलेली. कापड विटलेलं. मालननं हाक मारली तशी ती आली.

"हे बघ. तुला नवीन."

कागदातून फ्रॉक निघाला. निळा, अंगावर बारीक ठिपके. मालनला भरतकाम येत नव्हतं, म्हणून पुढं काही नव्हतं. बटणं पाठीवर होती. पाच. कापडानं मढवलेली, जमली तेवढी बारीक, आणि समोर दोऱ्याचे फासे, थोडे वाकडे. दत्तारामला त्यात काही वेगळं दिसलं नाही. शेजारणींनाही नाही. फ्रॉकची बटणं पाठीवरच असतात.

"घाल," मालन म्हणाली. "मी लावते."

तिचे हात पदराबाहेर होते. दोन्ही. गुडघ्यांवर उताणे ठेवलेले.

सुलूनं पिवळ्या फ्रॉकची बटणं वरून खाली एकेक काढली. तो अंगातून काढून घडी केल्यासारखा केला आणि ट्रंकेवर ठेवला. मग निळा फ्रॉक हातात धरून तिनं तो नीट पाहिला. पाठ पाहिली, पोट पाहिलं. क्षणभर ती थांबली. मालन पुढं सरकली, तिनं हात उचलले, त्या मानेसाठी, त्या तिळासाठी.

सुलूनं फ्रॉक फिरवला. बटणं पुढं घेतली आणि शिकवल्याप्रमाणे तो उलटा अंगात घातला. गळा तिला काचत होता, पण ती बोलली नाही. जीभ बाहेर काढून, हनुवटी छातीला टेकवून तिनं पहिल्या फाशात बटण घालायला सुरुवात केली. फासा लहान होता. बोट घसरलं. मालनचा हात पुढं आला तसा तिनं तो कोपरानं बाजूला सारला.

"माझी मी," सुलू म्हणाली.

खोलीतले सगळे बघत होते. दत्ताराम हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. वेळ लागला. दोन बटणं लागली, तिसरं निसटलं, पुन्हा लागलं. पाचही झाल्यावर सुलूनं मान वर केली आणि मालनकडं पाहिलं. पेला पहिल्यांदा भरल्यावर पोरं बघतात तसं.

मालननं तिच्या गळ्यापाशी हात नेला. काचणाऱ्या काठाखाली बोट घालून तो थोडा सैल केला आणि हात काढून घेतला. मग ती उठली. दारातल्या रांगेत तिच्या चपला नीट शेजारी शेजारी उभ्या होत्या, तोंडं बाहेर. तिनं त्यांत पाय घातले आणि निघून गेली.